एनएव्हीची फाईल पायथनने वाचताना एकही ओळ हरवू नये म्हणून

आमच्या बाबांची एक लांबुळकी वही आहे. गोदीतून रिटायर झाले तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दादरच्या घरी खिडकीपाशी बसून पेपरातलं बाजाराचं पान उघडायचे आणि म्युच्युअल फंडांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, वहीत उतरवायचे, शेजारी युनिट, मग गुणाकार, खाली बेरीज. पुढे पेपरात त्यांच्या सगळ्या स्कीम सापडेनात आणि डोळ्यांचं ऑपरेशनही झालं, तेव्हा मी म्हटलं की हे काम मी पायथनकडून करून घेते. आज ते कसं केलं ते सविस्तर लिहितेय, कारण ही फाईल शिकायला फार चांगली आहे, धड सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम पाडलेली फाईल) नाही आणि अगदी मोकाट मजकूरही नाही, आणि असल्या अधल्यामधल्या फाईलीच ऑफिसात जास्त वाट्याला येतात. पायथनमध्ये फॉर लूप आणि डिक्शनरी येत असेल तर पुरे आहे.

फाईल कुठली? ॲम्फी, म्हणजे असोसिएशन ऑफ म्युच्युअल फंड्स इन इंडिया, १९९५ सालची आपल्या मुंबईतलीच संस्था, ती सगळ्या स्कीमची ताजी एनएव्ही एकाच साध्या टेक्स्ट फाईलमध्ये फुकट देते, नॅव्हऑल नावाची. ती उतरवून तारखेच्या नावाने डिस्कवर ठेवा आणि स्क्रिप्ट त्या ठेवलेल्या फाईलवर चालवा. स्क्रिप्ट लिहिताना आपण ती पन्नास वेळा चालवतो, दरवेळी पुन्हा डाऊनलोड कशाला, आणि शिवाय कालची फाईल हाताशी असली की आज काही बिघडलं तर ताडून बघता येतं.

आता कोड लिहायच्या आधी ती फाईल नोटपॅडमध्ये उघडा आणि डोळ्यांनी वाचा. खरंच वाचा, पहिल्या दोनशे ओळी, मग मधल्या कुठल्या तरी दोनशे, मग शेवटच्या. मी हे पहिल्यांदा केलं नव्हतं, वरच्या दहा ओळी बघून लगेच लिहायला बसले होते, त्याचं काय झालं ते पुढे येईलच. वाचलीत की असं काहीतरी दिसेल (मूळ फाईल इंग्रजीत असते, इथे समजायला मराठीत लिहिलंय, नावं आणि आकडे मनाचे आहेत):

ओपन एंडेड स्कीम्स(इक्विटी स्कीम - लार्ज कॅप फंड)

अमुक म्युच्युअल फंड

१०००११;आयएसआयएन नंबर;-;अमुक लार्ज कॅप फंड - डायरेक्ट - ग्रोथ;५८.३१२६;०४-जुलै-२०२५

अगदी पहिल्या ओळीत सहा कॉलमची नावं असतात: स्कीम कोड, मग दोन आयएसआयएन, म्हणजे गुंतवणुकीचे ओळखनंबर (एक पेआउट किंवा ग्रोथचा, दुसरा रीइन्व्हेस्टमेंटचा), स्कीमचं नाव, एनएव्ही आणि तारीख. कॉलमच्या मध्ये स्वल्पविराम नाही, अर्धविराम आहे. आणि मधूनमधून ज्या ओळींत अर्धविरामच नाही त्या म्हणजे मथळे, एक स्कीमच्या वर्गाचा आणि एक फंड हाऊसचा, म्हणजे ती स्कीम चालवणाऱ्या म्युच्युअल फंडाचा. वर्गांची ही नावं सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये जी वर्गवारी करून दिली त्यातून आलेली आहेत, इक्विटी, डेट, हायब्रिड वगैरे.

इथेच खरी मेख आहे. डेटाच्या ओळीत फंड हाऊसचं नाव वेगळ्या कॉलममध्ये नसतं आणि वर्गही नसतो, ते वर कुठेतरी एकदाच लिहिलेलं असतं. गिरगावातल्या जुन्या चाळीत पोस्टमन कसा फिरतो ते आठवा. बिल्डिंगचा नंबर फक्त दरवाजावर, मजला फक्त जिन्यापाशी, आणि खोलीवर नुसता खोलीचा नंबर. प्रत्येक खोलीवर पूर्ण पत्ता कोणी लिहीत नाही, पोस्टमन बिल्डिंग आणि मजला डोक्यात धरून चालतो. आपल्या स्क्रिप्टलाही तसंच चालायचंय, वर्ग आणि फंड हाऊस ही दोन व्हेरिएबलं हातात धरून, मथळा आला की बदलायची आणि डेटाची ओळ आली की तिला चिकटवायची. आणि पोस्टमन दुसऱ्या बिल्डिंगमध्ये शिरला की आधीचा मजला विसरतो, तेही करायचं: नवा वर्ग आला की फंड हाऊस रिकामं करा. हे राहिलं आणि मध्ये एखादा मथळा चुकला तर पुढच्या सगळ्या स्कीम आधीच्या वर्गातल्या फंड हाऊसच्या नावावर जमा होतात आणि स्क्रिप्ट चूं करत नाही.

आता सांगाडा. पायथनचा कोड इथे न देता पायऱ्या मराठीत लिहिते, यातली प्रत्येक ओळ पायथनच्या एक-दोन ओळींत बसते:

वर्ग = काही नाही, घर (म्हणजे फंड हाऊस) = काही नाही
पहिली ओळ वाचा, कॉलमची नावं अपेक्षेप्रमाणे नसतील तर इथेच थांबा
उरलेल्या प्रत्येक ओळीसाठी, नंबरासकट:
  दोन्ही टोकांची मोकळी जागा काढा
  रिकामी असेल तर: रिकाम्या ओळींत १ मिळवा
  नाहीतर तिच्यात अर्धविराम असेल तर: अर्धविरामावर तुकडे करा
    तुकडे बरोबर ६ आणि पहिला तुकडा नुसता आकडा असेल तर: वर्ग आणि घर चिकटवून साठवा
    नाहीतर: न कळलेल्या ओळींच्या यादीत टाका
  नाहीतर ती ओपन एंडेड, क्लोज एंडेड किंवा इंटरव्हल फंड या शब्दांनी सुरू होत असेल तर: वर्ग = ओळ, घर = काही नाही, मथळ्यांत १ मिळवा
  नाहीतर तिच्यात म्युच्युअल फंड हे शब्द असतील तर: घर = ओळ, मथळ्यांत १ मिळवा
  नाहीतर: न कळलेल्या ओळींच्या यादीत टाका, घर = काही नाही

नंबरासकट फिरायला एन्युमरेट वापरा, मोकळी जागा काढायला स्ट्रिप, आणि ओळ कशाने सुरू होते ते बघायला स्टार्ट्सविथ, त्याला तिन्ही सुरुवाती एकाच टपलमध्ये देता येतात. वर्गाच्या ओळीत कंस असतो म्हणून नुसता कंस बघून वर्ग ठरवायचा मोह होईल, तो टाळा, कंस फंड हाऊसच्या नावातही येऊ शकतो. आणि पहिली ओळ तपासणं अजिबात सोडू नका. कधी नेट मध्येच तुटतं, कधी फाईलच्या जागी भलतंच वेबपेज उतरतं आणि त्याचं नावही तेच पडतं, ते पहिल्याच ओळीला कळलेलं बरं.

कोणी विचारेल की सीएसव्ही मॉड्यूल आहे ना, मग तुकडे करायला साधं स्प्लिट का. सीएसव्ही मॉड्यूल पायथनमध्ये २००३ पासून, म्हणजे २.३ व्हर्जनपासून आहे आणि मी ते रोज वापरते, डिलिमिटर, म्हणजे कॉलम वेगळे करणारं चिन्ह, म्हणून अर्धविरामही देता येतो. पण ते अवतरणचिन्हांना अर्थ देतं. कॉलमच्या सुरुवातीला दुहेरी अवतरण दिसलं की जोडीदार अवतरण मिळेपर्यंतचं सगळं, अर्धविराम आणि नवी ओळ धरून, ते एकाच कॉलमात कोंबतं. बँकेच्या किंवा एक्सेलमधून निघालेल्या सीएसव्हीत हेच बरोबर आहे, तिथे पत्त्यातला स्वल्पविराम अवतरणात असतो आणि साध्या स्प्लिटने तुकडे पडतात. या फाईलमध्ये मात्र अवतरणाचा असा नियमच नाही, मग एखाद्या नावाच्या सुरुवातीला चुकून एक अवतरण आलं तर शेकडो ओळी गायब व्हायच्या. म्हणून इथे स्प्लिट, तिथे सीएसव्ही. स्कीमच्या नावातच अर्धविराम आला तर तुकडे सात होतील आणि ती ओळ न कळलेल्यांच्या यादीत जाईल, म्हणजे निदान डोळ्यांसमोर राहील.

त्या यादीबद्दलच मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

माझी पहिली स्क्रिप्ट छान चालायची. एखाद्या ओळीवर आकडा बनवताना एरर आला तर मी ट्राय-एक्सेप्ट लावून एक्सेप्टमध्ये नुसतं पास लिहिलं होतं, म्हणजे ती ओळ सोड आणि पुढे जा. दोन महिने बाबांना प्रिंट देत होते. तिसऱ्या महिन्यात त्यांनी वही शेजारी ठेवून प्रिंटवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "अगं, यात माझा एक फंड कमी आहे, गेल्या वेळी पण नव्हता का?" नव्हता. एका जुन्या स्कीमच्या एनएव्हीच्या जागी आकडा नव्हता, एन.ए. लिहिलं होतं, त्यावर एरर आला आणि माझ्या त्या पासने ती गिळून टाकली. बेरीज कमी आली होती आणि कागद मात्र नीटनेटका होता. बाबा मला काही बोलले नाहीत, पण आयुष्यभर गोदीत मालाच्या याद्या तपासलेला माणूस, त्यांनी नुसतं विचारलं की तुझ्या मशीनला किती नग आले आणि किती गेले ते कळतं का.

तेव्हापासून मी ताळा घेते. रिकाम्या ओळी, मथळे, डेटाच्या ओळी, न कळलेल्या ओळी आणि वरची कॉलमची एक ओळ, या सगळ्यांची बेरीज फाईलमधल्या एकूण ओळींइतकी आलीच पाहिजे. एकूण ओळी वेगळ्या मोजायच्या, त्याच लूपच्या मोजणीवरून नाही, नाहीतर चूक दोन्हीकडे सारखीच पडेल आणि ताळा खोटा जुळेल. नाही जुळलं तर स्क्रिप्टने रिपोर्ट काढायचाच नाही, एरर देऊन बंद व्हायचं. आणि न कळलेल्या ओळी नंबरासकट जशाच्या तशा छापायच्या, बाबांच्या स्कीमशी संबंध असो वा नसो. ट्राय-एक्सेप्ट वापरू नका असं मी म्हणत नाही, पण एक्सेप्टमध्ये नेमका एरर लिहा (इंट आणि फ्लोटसाठी व्हॅल्यूएरर, डेसिमलसाठी इन्व्हॅलिडऑपरेशन) आणि ओळ कुठल्या तरी यादीत जाऊ दे, हवेत नको.

आता एकेक कॉलम.

एनएव्ही फ्लोटमध्ये घेऊ नका, डेसिमल मॉड्यूल वापरा. फ्लोट बायनरीत आकडा ठेवतो म्हणून ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. दहा-पंधरा स्कीमला यातून रुपयाचाही फरक पडणार नाही हे खरंय, पण वहीतल्या हाताच्या हिशोबाशी पैशापर्यंत जुळवायचं असेल तर हा फरक कुठून आला ते शोधण्यात संध्याकाळ जाते. ८१२.४५७ युनिट गुणिले ५८.३१२६ हे डेसिमलमध्ये नेमकं ४७३७६.४८००५८२ येतं, मग क्वांटाइझने दोन स्थळांवर आणा, ४७,३७६.४८. डेसिमलला आकडा स्ट्रिंग म्हणूनच द्या, आधी फ्लोट करून मग डेसिमल केलं तर बिघडलेला आकडाच आत जातो.

एन.ए. आलं तर किंमत नन (पायथनचं काहीच नाही) ठेवा, शून्य ठेवू नका. कारण खरा शून्यही येतो. २०१८ च्या शेवटी सेबीने सेग्रिगेटेड पोर्टफोलिओची सोय केली, म्हणजे एखादा बॉण्ड बुडाला की तेवढाच भाग बाजूला काढून वेगळा ठेवायचा, त्या बाजूला काढलेल्या भागाची एनएव्ही शून्य असू शकते आणि ती माहिती आहे, माहितीचा अभाव नाही. इथे पायथनचा एक खड्डा सांभाळा: नुसतं इफ एनएव्ही लिहिलं तर शून्यसुद्धा खोटं धरलं जातं आणि शून्य आणि नन एकाच पिशवीत जातात. इफ एनएव्ही इज नॉट नन असं पूर्ण लिहा.

तारीख दिवस, महिन्याची इंग्रजी तीन अक्षरं आणि चार आकडी वर्ष अशी येते. स्ट्रिपटाईमला पर्सेंट डी, पर्सेंट बी, पर्सेंट कॅपिटल वाय असा साचा दिला की झालं. महिन्याची नावं मशीनच्या भाषेच्या सेटिंगवर अवलंबून राहू नयेत म्हणून मी स्वतः बारा महिन्यांची छोटी डिक्शनरी करते, पण ती माझी सवय आहे. महत्त्वाचं हे की सगळ्या ओळींची तारीख एक नसते. इक्विटी फंडांची एनएव्ही बाजार चालू असलेल्या दिवसाचीच, लिक्विड फंडांची रविवारचीसुद्धा असते, आणि बंद पडलेल्या काही स्कीम जुन्याच तारखेने फाईलमध्ये पडून असतात. म्हणून फाईलची म्हणून एक तारीख धरू नका, प्रत्येक ओळीसोबत तिची तारीख ठेवा आणि आठवड्याहून जुनी असेल तर प्रिंटमध्ये खूण करा.

मग आपली स्कीम शोधायची कशी? नावावरून नको. एकाच स्कीमच्या डायरेक्ट, रेग्युलर, ग्रोथ आणि पेआउट अशा चार-सहा ओळी असतात, डायरेक्ट प्लॅन २०१३ च्या जानेवारीपासून आले, आणि २०२१ च्या एप्रिलपासून डिव्हिडंड हा शब्द जाऊन त्याच्या जागी आयडीसीडब्ल्यू (इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल) आला, बाबांच्या वहीत अजून डिव्हिडंडच आहे. नावं बदलतात, आयएसआयएन सहसा टिकतो, आणि तो सगळ्या फंडांच्या एकत्रित स्टेटमेंटवर छापलेला असतो, तिथून उचला. डिक्शनरीत दोन्ही आयएसआयएन कॉलम किल्ली म्हणून घाला, एका ओळीला दोन किल्ल्या असल्या तरी चालतं, फक्त जिथे डॅश आहे ती किल्ली घालू नका, नाहीतर डॅश नावाची एक भलतीच स्कीम तयार होते. आणि किल्ली आधीपासून असेल तर गुपचूप वर लिहू नका, तीही ओळ दाखवा.

आयएसआयएन टाइप करताना चुकतो, तर त्याची तपासणीही सोपी आहे. एकूण बारा अक्षरं, शेवटचं तपासणीचं. प्रत्येक अक्षराचा आकडा करा, ए म्हणजे १०, झेड म्हणजे ३५, पायथनमध्ये इंटला बेस ३६ दिला की हे आयतं मिळतं. ते सगळे आकडे एकापुढे एक चिकटवून एक लांब आकडा करा, उजवीकडून दर दुसरा अंक दुप्पट करा, दुप्पट दोन अंकी झाली तर तिचे अंक मिळवा, आणि सगळ्याची बेरीज १० ने भागली जायला हवी. क्रेडिट कार्डाच्या नंबराला हीच रीत असते. एक अंक चुकला तर हमखास पकडते.

बाबांच्या युनिटची फाईल वेगळी, तिच्यात ओळीला एक आयएसआयएन आणि एक आकडा. ती ते स्वतः मोबाईलवर टाइप करतात आणि आकडे मराठीत लिहितात, ८१२.४५७ असं. मला वाटलं होतं आता बदलायचं यंत्र लिहावं लागणार, पण पायथनचं डेसिमल देवनागरी अंक थेट समजतं, इंटसुद्धा. खूप बरं वाटलं मला त्या दिवशी. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावंही देवनागरीत चालतात, मी वर्ग आणि घर तशीच ठेवलीत. फक्त फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, विंडोजवर न लिहिता उघडली तर मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसू शकतो. आणि फाईल एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून आली असेल तर तिच्या अगदी सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट असतात, ते पहिल्या आयएसआयएनला चिकटतात आणि नेमकी पहिलीच स्कीम सापडत नाही, डोळ्यांनी बघितलं तर दोन्ही अगदी सारखे दिसतात. एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग दिलं की ते बाइट असले तर निघतात, नसले तर काही बिघडत नाही, म्हणून घरच्या फाईलींना मी सरसकट तेच देते.

शेवटी छापणं. पायथनला आकड्यात स्वल्पविराम टाकायला सांगितलं तर तो १,२५०,००० असं छापतो, बाबांना १२,५०,००० हवं. शेवटचे तीन अंक वेगळे काढा, उरलेल्याचे उजवीकडून दोन-दोनचे गट करा आणि स्वल्पविरामाने जोडा, पाच ओळींचं फंक्शन होतं.

हे सगळं खऱ्या फाईलवर लावण्याआधी वीस ओळींची एक खोटी फाईल हाताने बनवा. तिच्यात दोन वर्ग, तीन फंड हाऊस, एक एन.ए., एक शून्य, एक सात तुकड्यांची ओळ, एक जुनी तारीख, आणि एक वर्ग असा की ज्याच्या खाली फंड हाऊस न येता थेट डेटा येतो. कुठल्या यादीत किती ओळी पडायला हव्यात ते आधी कागदावर लिहा आणि मग चालवा. माझ्या प्रिंटच्या तळाशी आता रकमेच्या खाली चार आकडे असतात, डेटा, मथळे, रिकाम्या, न कळलेल्या, आणि शेजारी एकूण. बाबा चष्मा लावून आधी ती शेवटची ओळ बघतात, पेनाने एक बरोबरची खूण करतात आणि मग वर जाऊन पैसे बघतात.